एकाच कामाचा जावई

बयाबाईनं नवऱ्याकडून सकाळपासून घोकून घेतलं होतं. "पावणं इचारतील, काय करतासा? तर गुळव्या म्हणायचं. बास. फुडं एक अक्षर न्हाय."

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. आकाराम कळंब्याजवळच्या गुऱ्हाळावर गूळ काढायचा आणि त्याच्या हातच्या गुळाला तोड नव्हती. पण तालमीतल्या पोरांची निखळलेली हाडंही तोच बसवायचा आणि कुस्तीच्या मैदानात हलगीही तोच वाजवायचा. एखाद्या कामात कच्चा असता, तर बयाबाईनं देवाला नारळ फोडला असता. मेला सगळ्यातच पक्का! म्हणून सगळ्यांनाच तो हवा. भरल्या ताटावरनं उठवून न्यायचे. लेकीच्या, पूर्णिमाच्या, वाट्याला हे नको म्हणून बयाबाईला एकाच कामाचा जावई हवा होता. गगनबावड्याचा अमरसिंह एसटीत कंडक्टर होता. ड्युटी संपली की घर.

तो आईला घेऊन पूर्णिमाला बघायला आला. पोहे झाले. अमरसिंहाच्या आईनं, धोंडुबाईनं विचारलंच. आकाराम "गुळव्या" म्हणाला आणि तोंड मिटून बसला.

तेवढ्यात पिराजी पैलवान हात लोंबकळत दारात उभा. "आण्णा, खांदा निसटला वो!"

आकारामनं बायकोकडं बघितलं. बायको छपराकडं बघू लागली. तर अमरसिंहच उठला, पिराजीला खाली निजवलं, काखेतनं टॉवेल घालून अंग घट्ट धरलं. "ओढा मामा."

खट् झालं. खांदा जागेवर.

"कुठं शिकलास रं?" आकाराम हरखला.

"आमच्या गावात वस्ताद हायत. ह्ये काय न्हाय मामा, भजनात मी पेटी बी..."

"अमऱ्या!" धोंडुबाई कडाडली. "निघताना काय सांगितलं हुतं? निस्ता कंडक्टर म्हणायचं!"

"म्हंजी तुमच्यात बी ह्येच हाय व्हय?" बयाबाई कपाळाला हात लावून म्हणाली.

"काय सांगू बाई, सुट्टीदिशी घरात टिकंल तर शपथ!"

दोघे गडी तोवर पिराजीला घेऊन अंगणात गेले होते. हलगी आणि पेटी एकत्र कशी बसंल, यावर बोलणं चाललं होतं.

बयाबाईनं लेकीला आत ओढलं. "बघ बाई, जल्मभर ताट झाकून बसावं लागंल. न्हाय म्हण."

"आई, बाबा ताट टाकून गेलं की तू चिडतीस," पूर्णिमा म्हणाली. "पर मैदानात हलगी सुरू झाली की ऐकाय माडीवर कोण चढतंय?"

बयाबाईनं फळीवरची मोठी झाकणी काढली आणि लेकीपुढं आपटली. "घे. रुखवतात पयली ही मांड."