हौदाच्या काठावर

गाताना वाद्यं ऐकू यावीत म्हणून कानात घालायचं ते काळं बटण पुन्हा गळून कियूमर्सच्या मांडीवर पडलं. कुस्तीत मोडून गोळा झालेल्या कानात ते बसणार तरी कुठं... त्याचे कार्यक्रम ठरवणाऱ्या फरामर्झनं ते चिकटपट्टीनं दाबून बसवलं. त्याच्या बोटांना अत्तराचा वास, बाहेर लग्नाच्या हॉलमधल्या केशरभाताचा वास — कियूमर्सनं तोंड बाजूला फिरवलं.

"केस मागं घे, पैलवान. कान दिसू देत," फरामर्झ म्हणाला. "या लॉस एंजेलिसमध्ये गाणारे आपले इराणी छप्पन्न आहेत, मोडके कान तुझेच. आणि आज स्टेजवर चढताना ते तालमीतलं कर — वाकायचं, जमिनीला हात, हात ओठांना. म्हातारी मंडळी ढसाढसा रडतील बघ."

"ते नाही."

"का रे? कंबर हलवतोसच की रोज! मग वाकायलाच काय झालं?"

हलवतोच. चकचकीत सदरा घालून, पोकळ प्लास्टिकच्या मुद्गलांबरोबर फोटोही काढून घेतलेत. स्वतःची इतकी किळस येते, की आरशात तो फक्त केस बघतो. पण गावी, केरमानशाहच्या तालमीत पहिल्या दिवशी तो कसरतीच्या खोलगट हौदात तसाच उडी मारून उतरला, तेव्हा उस्ताद सफर गरजले होते, "वर ये! कुणाला विचारून उतरलास?" मग त्यानं वर येऊन, वाकून काठाला हात लावला, ओठांना नेला, आणि छातीत काहीतरी ऊन ऊन पसरलं होतं... सगळं विकलं, तेवढं ठेवलंय. मी वाकणार नाही. पाठ माझी आहे.

त्याचं नाव पुकारलं. तो पाठ ताठ ठेवून पायरीपाशी आला. पहिल्याच टेबलावरचा एक म्हातारा हळूहळू उभा राहिला. त्याचे दोन्ही कान मोडलेले होते. त्यानं छातीवर हात ठेवला — आणि कियूमर्स वाकला. ठरवायच्या आधीच वाकला. बोटं पायरीवर सांडलेल्या सरबतात टेकली, तशीच ओठांना लागली.

हॉल शिट्ट्यांनी दणाणला. पडद्याआडून फरामर्झ दोन्ही अंगठे उंचावत होता. म्हातारा ढसाढसा रडत होता, फरामर्झ म्हणाला होता अगदी तसाच. ओठांवर ते गोड, चिकट, घाणेरडं... आणि छातीत तेच ऊन पसरत होतं. तेच, रतीभरही कमी नाही. मग तेव्हाचं, हौदाच्या काठावरचं, ते तरी खरं —

ढोल सुरू झाला. त्यानं चिकट ओठ उघडले.