मशीन चालवणार कोण

आमच्या ह्यांना एकच गोष्ट ठरवायची होती आणि ती त्यांना गेल्या गणपतीपासून ठरवता येईना. स्क्रीन धुवायचं मशीन कुठलं घ्यायचं. एवढंच. एवढ्यात लोक घर बांधून वास्तुशांत उरकतात.

शिवाजी पेठेत आमचा स्क्रीन प्रिंटिंगचा धंदा. खाली दुकान, वर घर. तालमींच्या फुटबॉल संघांचे टी-शर्ट, मंडळांचे झेंडे, मिठाईवाल्यांच्या कापडी पिशव्या, असलं सगळं आम्ही छापतो. म्हणजे आमचे हे, विश्वजित, पुढं बसून ऑर्डरी घेतात, छापतात, गिऱ्हाइकाशी गप्पा मारतात. आणि मी, वर्षाराणी, मागच्या मोरीत स्क्रीन धुते. स्क्रीन म्हणजे चौकटीवर ताणलेली बारीक जाळी. तिच्यावर केमिकलचा थर देऊन त्यात चित्र उमटवायचं, छापायचं, आणि काम संपलं की तो थर काढून जाळी पुन्हा कोरी करायची. थर नुसत्या पाण्यानं जात नाही. चौकट भिंतीला उभी करून, ब्रशनं वरपासून खालपर्यंत, जोर लावून घासावं लागतं. लग्न होऊन आल्यापासून मी घासतेय.

मग उजवा खांदा धरला. डॉक्टर म्हणाले, हे घासणं बंद करा, नाहीतर हात वर जायचा थांबेल. मी घरी येऊन ते जसंच्या तसं सांगितलं. मोबाईलमधून मान वर न काढता हे म्हणाले, "मशीन घिऊया की. प्रेशरनं पाणी मारलं की थर सटासट निघतोय." मला बरं वाटलं. कुणीतरी ऐकलं असं वाटलं.

त्याच आठवड्यात आम्ही शाहूपुरीत भूपालअण्णांच्या दुकानात जाऊन आलो. तिथं कोपऱ्यात एक छोटं मशीन होतं, घागरीएवढं. हलकं, खाली चाकं, बादलीतलं पाणी ओढून घेणारं. आमच्या नळाला पाणी कधी येतं आणि किती येतं ते मोरीत बसणाऱ्या मला ठाऊक. मी म्हणाले, "त्ये बघा की." ह्यांनी बघितलं आणि हसले. "त्ये खेळणं हाय. बार किती त्याचा?"

बार म्हणजे पाण्याचा दाब मोजायचं माप. हा शब्द त्या दिवशी घरात शिरला आणि पाहुण्यासारखा मुक्कामालाच राहिला. जेवताना बार, झोपताना बार. हे मोबाईलवर कुठल्या कुठल्या देशांतल्या माणसांना पाणी मारताना बघत बसायचे. मी मोरीतून ओरडायचे, "अवो, झालं का ठरवून?" पुढून उत्तर, "घाई करू नगंस. एकदाच घ्यायची वस्तू हाय."

मग हा विषय तालमीच्या कट्ट्यावर गेला आणि माझं मशीन माझं राहिलंच नाही. एक जण म्हणाला, बुलेट धुता यायला पाहिजे. दुसरा म्हणाला, फेस मारायची सोय बघ. घरात सासूबाई, त्यांना सगळे आक्का म्हणतात, त्यांचं वेगळंच. "गच्चीवरचं शेवाळ निघंल असलं आणा." ज्याला त्याला काहीतरी धुवायचं होतं. स्क्रीन धुताना नक्की कुठं अडतं, हे मला एकानंही विचारलं नाही. आणि तोवर मी घासतच होते, कारण ऑर्डरी काही थांबत नव्हत्या.

दिवाळीनंतर मी केस कापले. कमरेएवढे केस मानेपर्यंत आणले. हात डोक्यामागं जाईना, वेणी घालता येईना, अंबाडा बांधता येईना, मग ठेवून करायचं काय? पार्लरमधल्या पोरीनं दोनदा विचारलं, खरंच कापू का म्हणून. मलाही वाटत होतं, नको म्हणावं. घरी आले तर आक्का म्हणाल्या, "बघा, सूनबाईंनी फॅशन केली." हे म्हणाले, "झ्याक दिसतंय की! हिरॉईनच." मी कारण सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. "ह्ये बघ. इटलीचं मशीन."

मी आत जाऊन कणीक मळली. तीही डाव्या हातानं.

गेल्या आठवड्यात शिरोळहून ह्यांचा मामेभाऊ बाळासो आला, तो टेम्पोत स्वतःचं मशीन घालूनच. ट्रॅक्टरचा चिखल धुवायचं. एवढं मोठं धूड, की उतरवायला गल्लीतली पोरं लागली. बाळासो म्हणाला, "दादा, एकदा ह्ये मारून बघ. चिखल काय, रंगसुदिक उडतोय." मी म्हणाले, "रंग उडवायचा न्हाय बाळासो, जाळी ऱ्हायला पायजे." तो हसला. हेही हसले. रविवारच्या सामन्यासाठी एका संघाचे टी-शर्ट छापायचे होते. त्या कामाला लागणाऱ्या दोन स्क्रीन, जुनं चित्र धुऊन कोऱ्या करायला, मोरीत उभ्या होत्या. ह्यांनी पाणी मारायची बंदूक हातात घेतली, दार अडवून कट्ट्यावरची मंडळी उभी राहिली, आणि बाळासोनं बटण दाबलं.

पहिल्या फवाऱ्यात जाळी टर्रकन फाटली. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत. माणसानं तिथं थांबावं की नाही? ह्यांनी दुसरीवर मारलं. तीही गेली. मोरीत चिंध्या लोंबत होत्या आणि हे वळून मंडळींना म्हणाले, "जाळीच हलकी हुती."

माझं डोकंच फिरलं. पण भांडायलाही वेळ नव्हता. माळ्यावरच्या दोन जुन्या स्क्रीन काढल्या आणि थर घासायला बसले. डावा हात भरून आला की उजवा, उजव्यातून कळ निघाली की डावा. टी-शर्ट वेळेवर गेले. संघ जिंकला म्हणे, पेठेत गुलाल उडाला. सोमवारी सकाळी मी फडताळातला चहाचा डबा काढायला हात वर केला आणि तो छातीशी येऊन थांबला. पुढं जाईचना. मी ह्यांना म्हणाले, "हात वर जात न्हाय हो." हे म्हणाले, "शेक दे की जरा. आनि ऐक, तीन पिस्टनचं नगं, दोन पिस्टनचं बघूया का?"

मी गॅस बंद केला. "आत्ताच्या आत्ता दुकानात चला. मी पण येणार."

बुलेटवर डाव्या हातानं धरून बसले. भूपालअण्णा काउंटरवरच होते. "या पावणं, लई दिसांनी," म्हणाले. ह्यांनी सुरुवात केली. बार, लिटर, पिस्टन, पितळेचं हेड, अमुक नोझल, तमुक पाइप. महिनोन्महिने साठवलेलं सगळं त्यांनी त्या काउंटरवर ओतलं. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते सगळं बराबर हाय. मशीन चालवणार कोण?"

ह्यांनी हनुवटीनंच मला दाखवलं. "ही की."

"मग वैनींच्या हाताला बसतंय का बघूया." अण्णांनी एका मधल्या मशीनची बंदूक काढून माझ्या हातात दिली. "स्क्रीन भिंतीला उभी असती न्हवं? वरनं खाली पाणी मारायचं. धरा वर."

मी बंदूक धरली. जड होती. हात उचलला. छातीपर्यंत आला आणि थांबला.

"अजून वर," अण्णा म्हणाले.

"वर घे की," हे म्हणाले.

"जात न्हाय."

"जात न्हाय म्हंजे? जोर लाव जरा."

मी जोर लावला. त्या दुकानात, दोन अनोळखी गिऱ्हाइकांसमोर, दात आवळून लावला. खांद्यात सुरी फिरल्यासारखं झालं, पण बंदूक वर काही गेली नाही. डोळ्यांत पाणी आलं ते दुखण्याचं नव्हतं, संतापाचं होतं. घरात शंभरदा सांगितलेलं आता दुकानात करून दाखवावं लागत होतं.

ह्यांनी माझ्या हाताकडं बघितलं. मग तोंडाकडं. मग मानेशी कापलेल्या केसांकडं, आणि तिथं त्यांची नजर बराच वेळ राहिली.

"म्हणून केस कापलेस व्हय?" ह्यांनी विचारलं.

त्यांनी माझ्या हातातून बंदूक काढून घेतली. आता ती धरून कुठं उभं राहावं हेच त्यांना कळेना. अण्णांनी घसा खाकरला. "मग कुठलं देऊ?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. "हिला इचारा."

मी डावा हात वर केला आणि कोपऱ्यातलं ते घागरीएवढं मशीन दाखवलं. ते अजून तिथंच होतं, वर धूळ बसलेली. "त्ये," मी म्हणाले. "आनि चालवणार ह्ये," म्हणून हनुवटीनंच ह्यांना दाखवलं.

अण्णांनी खोकं बांधून दिलं. परतताना ते माझ्या मांडीवर होतं आणि हे बुलेट कधी नव्हे ते सावकाश चालवत होते. बिंदू चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा अर्धं वळून विचारलं, "लई दुखतंय का गं?"

मी मांडीवरचं खोकं सरळ केलं. माझं सांगून झालं होतं.