येरमाळ्याच्या बँडला थांबवायचं कुणी

बँडचा उस्ताद पिराजी याची बायको जाईबाई वारली, त्याला वीस दिवस झाले होते. पण तिच्याबरोबर बँडचं काय गेलं, हे पिराजीला कळलं ते येरमाळ्याच्याच एका वरातीत.

बँड मांडवापाशी आला आणि वाजवत पुढं निघून गेला. घोड्याला बँडमागं चालायची सवय, त्यामुळं नवरदेवही गेला. मोटारस्टँड मागं पडला. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडणाऱ्या बाया हातोड्या टाकून नवरदेव बघायला उभ्या राहिल्या. त्यांना पाणी पाजणाऱ्या गजराबाईनं डोक्यावरची घागर खाली ठेवली, आणि बँड एका ठोक्यात थांबला.

पिराजी त्या घागरीकडं बघतच राहिला.

बँडात रीत होती, उस्तादाच्या आधी जो थांबेल त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. म्हणून सगळे पिराजीवर नजर ठेवून वाजवायचे. पिराजीला वाटायचं, आपण आपल्या मनानं थांबतो. पण बहात्तरच्या दुष्काळात वरातीच्या गावी घोटभर पाणी मिळेना, तेव्हापासून जाईबाई बँडसाठी घागर घेऊन पुढं चालायची. मांडवापाशी ती घागर उतरवायची, की पिराजीची क्लॅरनेट बंद. आठ वर्षं असंच चाललं होतं.

तेवढ्या वर्षांत बँडातली माणसं किती बदलली. ढोलवाला धुळाप्पा सहकारी साखर कारखान्यात भोंग्यावर लागला. आता आपल्याला बारा गावं ऐकतात, असं सांगत फिरायचा. त्याच्या जागी शिवप्पा आला. त्याला एकच ठेका येत होता, तोही मयतीचा. जलद वाजवला की लग्नात चालून जायचा. ट्रंपेटवाल्याचे पुढचे दात पडले, तेव्हा सायकल दुकानातला आयुब आला. त्याला सूर कळत नव्हता, पण दम दांडगा होता.

पुढची वरात तेरखेड्याची होती. तीही अशीच भरकटली तर आपण कारखान्याचा रस्ता धरू, असं आयुब आणि शिवप्पानं सांगून टाकलं. म्हणजे पिराजीला रिकाम्या घरात बसून राहावं लागलं असतं.

मांडवापाशी फटाका लावायचा आणि तो वाजला की थांबायचं, अशी तोड आयुबनं काढली. तिघांनाही ती पटली. तेरखेड्यात घरोघरी फटाके बनतात, हे एकालाही आठवलं नाही.

तिथं दारादारात बाँब उडत होते. बँड चार पावलं चालायचा, थांबायचा. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. वेशीपासून मांडवापर्यंत जायला अर्धा दिवस लागला. मुहूर्त गेला. भटजी जेवून झोपले.

आता मार बसणार, असं पिराजीनं धरलं होतं. पण नवरदेवाची आजी मथुराबाई त्याच्यापुढं येऊन उभी राहिली.

"लई झ्याक वाजवलं बाबा. आजवर वरातीत म्या मागंच ऱ्हायले. आज दर थांब्याला बसत बसत आले."

त्यावर गावातल्या बाकीच्या म्हाताऱ्यांनी तिथंच आणखी दोन वराती ठरवून टाकल्या. आयुब आणि शिवप्पा बँडात राहिले.

परत येताना बसमध्ये आयुब हळूच म्हणाला, "उस्ताद, गजराबाईला इचारू का? घागर घिऊन चालंल ती म्होरं."

"नगं."

"मग कोण चालंल?"



या गोष्टीला चार लग्नसराया झाल्या. बँड फटाक्यावरच थांबतो, पण जाईबाईच्या जागी पुढं चालायला पिराजीनं अजून कुणाला घेतलेलं नाही.