कासवाचा नॉमिनी

लिफ्टवाल्या काकांनी आयुष्यभर लोकांची वर जायची सोय केली, पण स्वतः वर जायचा विषय त्यांनी कधी मनात येऊ दिला नव्हता. तो सरकारने आणला. नवा कायदा निघाला की ज्याच्या घरी परदेशी जातीचं कासव असेल, त्याने महिनाअखेरीपर्यंत ते घेऊन कचेरीत हजर व्हावं आणि आपल्या माघारी ते कोण सांभाळणार, तो माणूसही सोबत आणावा. कासवं माणसापेक्षा जास्त जगतात आणि मालक गेला की कुठेतरी उकिरड्यावर सापडतात, म्हणून हा नियम. माणूस मालकाहून वीस वर्षांनी तरी लहान हवा, कायम गावात राहणारा हवा आणि कासवाबद्दल विचारलेलं त्याला स्वतःला सांगता यायला हवं. असा कोणी नसेल, तर कासव सरकारी केंद्रात जमा.

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांच्या कासवाचं नाव बाईसाहेब. जवानीत ते एका इमारतीची लिफ्ट दुरुस्त करायला गेले होते, तेव्हा गाव सोडून निघालेल्या एका भाडेकरणीने ती पसरट टोपलीत घालून दिली होती, ‘दोन दिवस ठेवा’ म्हणून. ते दोन दिवस अजून संपायचे होते. मधल्या काळात काकांचं लग्न झालं, मुलगा झाला, बायको गेली, नोकरी संपली, आणि बाईसाहेब मात्र दिवाणखान्यातल्या दिव्याखाली तश्शाच मान वर करून बसलेल्या.

मुलगा जहाजावर. वर्षातले आठ महिने पाण्यावर असणारा माणूस कायद्याला चालत नव्हता. घरात दुसरं माणूस म्हणजे सून. ती मोटार शिकवायची. नवशिक्यांशेजारी बसून दिवसभर ‘ब्रेक, ब्रेक!’ ओरडून घरी आली की तिला शांतता लागायची. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तिने विचारलं होतं, “हे कासव कायम इथेच असणार का?” काकांनी तो प्रश्न मनात धरून ठेवला होता. पुढे बाईसाहेबांनी तिच्या चपलेचा पट्टा चावून ठेवला, तेव्हा तर तिचं मत काय असणार याबद्दल काकांना शंकाच उरली नाही. तेव्हा सुनेला विचारायचं नाही, हे त्यांनी ठरवून टाकलं. उगाच नकार ऐकून घ्यायचा कशाला?

त्यांनी पहिली धाव घेतली ती मंडळाकडे. साप, सरडे, पाली आणि कासवं पाळणाऱ्या हौशी लोकांचं हे मंडळ सायकलच्या दुकानावरच्या खोलीत दर रविवारी भरायचं. तिथे कोणाच्या शर्टाच्या खिशातून पाल डोकं काढून बघत असायची, कोणी अजगराला स्वेटरसारखं गळ्यात घालून चहा पीत असायचं. एरवी बाईसाहेब आल्या की सगळे उठून जागा देत. पण काकांनी विषय काढला आणि सगळ्यांना एकदम आपापल्या पेट्या साफ करायची आठवण झाली. त्याच कायद्याने एका घरात तीनच प्राणी ठेवायला परवानगी दिली होती.

“काका, माझ्याकडे तीन सरडे झालेत,” इलेक्ट्रिशियन म्हणाला.

“मागच्या रविवारी तर पाच होते.”

“काका, जरा हळू बोला ना!”

मंडळाचा चिटणीस दाताचा डॉक्टर होता. त्याने काकांच्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांच्या वतीने हळहळ व्यक्त केली आणि काखा वर केल्या. काका मग न्हाव्याकडे गेले. तो म्हणाला, “तुम्ही जाऊच नका ना कुठे, म्हणजे प्रश्नच मिटला.” औषधाच्या दुकानदाराला विचारलं, समोरच्या शिक्षिकेला विचारलं, टपाल आणणाऱ्यालाही विचारून पाहिलं. ‘माझ्यानंतर’ हा शब्द ते इतक्या सहज वापरायला लागले, की जणू पुढच्या स्टॉपला उतरायचंय. घरी सून चहाचा कप असा आपटून ठेवायची की निम्मा बशीत यायचा. काकांना वाटलं, गावभर कासवपुराण चाललंय त्याचा राग आहे.

शेवटी भाचा धावून आला. बहिणीचा हा मुलगा विम्याचा एजंट होता आणि कोणाच्याही माघारी काय होणार याबद्दल अतिशय उत्साहाने बोलायचा. “मामा, नॉमिनीच हवाय ना? मी आहे की!” काकांच्या जिवात जीव आला. मागच्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा वाकायची बंदी होती आणि सून दिवसभर बाहेर, म्हणून ते बहिणीकडे जाऊन राहिले होते. तेवढे दिवस रोज घरी जाऊन बाईसाहेबांचं बघायचं काम भाच्याने अंगावर घेतलं होतं. रोज रात्री ‘सगळं ओके’ असा निरोप असायचा. परत आल्यावर काकांनी पाहिलं, तर बाईसाहेबांची पाठ चकचकीत आणि भूक खणखणीत. अशा पोराला आधी का नाही विचारलं, म्हणून त्यांनी स्वतःलाच बोल लावला.

ठरल्या दिवशी सुनेनेच गाडी काढली. कचेरीत पोचल्यावर बाईसाहेबांची पेटी टेबलावर ठेवून ती मागच्या बाकावर जाऊन बसली आणि हाताची घडी घालून भिंतीकडे बघत राहिली.

साहेब तरुण होते, चष्मा पुसत बोलायचे. त्यांनी भाच्याला विचारलं, “काय खातं हे?”

“पाला,” भाचा म्हणाला. “आणि... बिस्किटं?”

काकांनी डोळे मिटले.

“आंघोळ?”

“म्हणजे, घालायची का?”

“बरं, उचलून तरी दाखवा.”

भाच्याने बाईसाहेबांना एका हाताने, कडेला धरून, भांड्याचं झाकण उचलावं तसं उचललं. बाईसाहेबांनी चारही पाय हवेत मारायला सुरुवात केली.

“दोन्ही हात!” मागून आवाज आला. “स्टिअरिंग धरल्यासारखे! खाली आधार द्या! खाली ठेवा... खाली!”

भाच्याने दचकून ठेवलं, पण त्याआधी बाईसाहेबांनी त्याच्या इस्त्रीच्या पँटवर आपलं मत मोकळं केलं होतं. तो टेबलापासून दोन हात लांब उडाला. “मामा, मला माफ करा,” तो म्हणाला. “मला नाही जमायचं हे.”

“अरे, पण मागच्या वर्षी तूच तर सगळं...”

भाच्याने पँटकडे पाहिलं, मग बाकाकडे. “मी दोनदाच गेलो होतो, मामा. वहिनी म्हणाली, तुम्ही नका येऊ, भावजी, माझं मी करते. रोज तिच्याकडूनच कळायचं, ते मी तुम्हाला सांगायचो.”

सून तोवर टेबलापाशी आली होती. तिने बाईसाहेबांना दोन्ही हातांनी सरळ केलं, रुमालाने खालून पुसलं आणि साहेबांनी काही विचारायच्या आतच सांगायला लागली. पाला सकाळी, तोही चिरून नाही, फाडून. फळ जवळजवळ नाहीच, पण बाबा चोरून टोमॅटो देतात, तेवढा बंद करायला हवा. एक दिवसाआड कोमट पाण्यात बसवायचं. दिवा वर्षातून एकदा बदलायचा, उजेड दिसत असला तरी, कारण त्यातला उन्हाचा गुण आधी संपतो. साहेबांचा चष्मा पुसायचा राहून गेला.

“सूनबाई,” काका म्हणाले, “तू कधी बोलली नाहीस.”

“मला वाटलं, तुम्हाला माहितीये. घरातली गोष्ट आहे ना!” तिचा आवाज चढला. “न्हाव्याला विचारलंत, टपालवाल्याला विचारलंत. अख्ख्या गावाला विचारून झालं, बाबा. मी रोज समोर चहा ठेवत होते. मला एकदा तरी विचारलंत?”

“तुला ती आवडत नाही असं... आल्या आल्या तू म्हणालीस ना, कायम असणार का म्हणून.”

“अहो, कायम असणार असेल तर चपलांचा रॅक वर ठोकून घ्यावा म्हणून विचारलं होतं! नाही ठोकला, मग चावली चप्पल.”

काका खुर्चीचा हात धरून उभे राहिले. इतकी वर्षं आपण त्या बिचारीच्या एका प्रश्नाची गाठ मारून बसलो होतो, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

साहेबांनी घसा साफ केला. “बाई, तुम्हाला सगळं येतं, ते दिसलंच. पण मला विचारावं लागतं. हे आणखी तीस वर्षंही जगेल. तुम्हाला हे ओझं का घ्यायचंय?”

सुनेने बाईसाहेबांना पेटीत ठेवलं. मग म्हणाली, “ती रोज सकाळी सरपटत बाबांच्या खोलीच्या दारापाशी जाऊन बसते. बाबा उठून दार उघडेपर्यंत हलत नाही. पुढे कधीतरी ते दार उघडणार नाही. तरी ती जाणार. तिला त्या वेळी तिथून उचलून उन्हात ठेवायला घरातलंच माणूस हवं. बाहेरच्याला कसं कळणार, ती तिथे का बसलीय?”

भाचा पँट पुसायचा थांबला. महिनाभर ‘माझ्यानंतर, माझ्यानंतर’ करत गाव पालथं घातलेल्या काकांना तो शब्द आत्ता पहिल्यांदा खरा वाटला. आपण नसलेलं ते घर त्यांना दिसलं, आणि त्या घरात आपल्या दारापाशी दोघीजणी दिसल्या. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी ते लपवायचा प्रयत्नही केला नाही.

“चुकलं माझं,” ते म्हणाले. “पहिलं तुलाच विचारायला हवं होतं.”

“मग आता विचारा.”

“आता? साहेब लिहून घेतायत की.”

“घेऊ दे. न्हाव्याला विचारलंत तसं नीट विचारा.”

काकांनी नाक पुसलं, सदरा खाली ओढला आणि कोणाकडे मागणी घालायला आल्यासारखे तिच्यासमोर उभे राहिले.

“माझ्यानंतर,” ते म्हणाले आणि अडकले. पुन्हा सुरुवात केली. “माझ्यानंतर बाईसाहेबांना सांभाळशील का गं?”

“सांभाळीन,” सून म्हणाली. “पण तुम्ही घाई करू नका.”