मखमलीच्या आठ कळ्या

माझ्या रुखवतातला मखमली पडदा मी अठराव्या वर्षी कात्रीनं कापला आणि त्याचा मला आजतागायत काडीचाही पश्चात्ताप झालेला नाही. हे आधीच सांगून टाकते. आमच्या किरगिझस्तानातल्या काराकोलमध्ये अजून काही म्हाताऱ्या शिल्लक आहेत, मी बाजारात दिसले की त्या शेजारणीला कोपर मारतात, "हीच ती पडदेवाली." मीही मुद्दाम त्यांच्यासमोर उभी राहून तासभर कांद्यांचा भाव करते.

पडदा आपानं, म्हणजे माझ्या आईनं, दोन हिवाळे खपून भरला होता. लाल मखमल, कडेनं काळ्या रेशमाची मेंढ्याची शिंगं. आमच्यात लग्नाच्या दिवशी नवरी पडद्यामागे बसते आणि बायका नवरीच्या आधी पडदाच निरखतात. माणूस गेलं की लोकरी तंबूत त्याच्यासमोरही पडदाच ओढतात. म्हणजे पडद्याशिवाय आमचं कुणाचंच काही चालत नाही, आणि मी नेमका तोच कापला.

साल शहात्तर. आमची चौघांची मंडळी होती. जुमादिल गिटार वाजवायचा, गाड्या दुरुस्तीच्या शाळेत शिकायचा आणि हाताची ग्रीस कधी धुवायचा नाही. गेन्का हा रशियन घरचा, पण शिव्या आमच्यापेक्षा शुद्ध किरगीझमध्ये द्यायचा. तो ड्रम बडवायचा. यासिर दुंगान, म्हणजे मूळच्या चिनी मुसलमान घरचा होता, त्याच्या आईच्या हातच्या थंड शेवया खायला अख्खं गाव यायचं. आणि गाणारी मी, कालिपा. गिटारला वीज जोडायला लागणारे सुटे भाग जुमादिलनं कुठून आणले ते विचारू नका. त्या वर्षी गावातल्या चौकातल्या फोनवर कुणालाच काही ऐकू येत नव्हतं, एवढंच सांगते.

वाजवायला येत होतं, पण कपड्यांचं काय? दुकानात मिळायच्या त्या विजारी म्हणजे सरळसोट नळकांडी. एका पोलिश मासिकाचं फाटकं पान आमच्या हाती आलं होतं, त्यात बेलबॉटम घातलेली पोरं होती. नुसतं बघूनच आम्ही खुळावलो. बेलबॉटम करायची तर गुडघ्यापासून शिवण उसवून आत कळी घालावी लागते, आणि कळीला हवं जड, झुलणारं कापड. तसं कापड गावात दोनच ठिकाणी होतं, संस्कृती भवनाच्या रंगमंचावर आणि माझ्या रुखवताच्या पेटीत. रंगमंचावर राखणदार होता.

आपा बहिणीकडे गेलेली असताना मी पडदा जमिनीवर अंथरला आणि आठ कळ्या कापल्या. चार विजारी, आठ पाय. खालची कड झिजू नये म्हणून तिला पितळी चेनचे दात शिवले, चालताना ते दगडावर घासून खरखरायचे. जुमादिलनं मोजपट्टी लावली.

"छत्तीस सेंटिमीटर! कालिपा, यात एक मेंढरू मावेल."

"तुझ्या पायांपेक्षा ते बरं दिसेल."

मग तो माझ्या विजारीकडे वाकून बघायला लागला. "तुझी डावी कळी काळी का दिसतेय?"

बघते तर खरंच. मखमलीची लव एकाच दिशेला ठेवायची असते, एवढं आमच्याकडच्या सात वर्षांच्या पोरीलाही कळतं. घाईत मी डाव्या पायाची कळी उलटी लावली होती. उजवा पाय कुंकवासारखा लाल आणि डावा रक्त सुकल्यासारखा. मला रडू कोसळलं. उसवायला घेतली तर त्यानं कात्री काढून घेतली.

"राहू दे गं. एक पाय लग्नाला चाललाय, एक मयताला. असली विजार पॅरिसमध्येसुद्धा नाही."

संस्कृती भवनाच्या दारात तिथले संचालक पट्टी घेऊन उभे राहायचे. चोवीस सेंटिमीटरपर्यंत माणूस, त्यापुढे माकड, असा त्यांचा हिशेब होता आणि तो ते मोठ्यानं सांगायचे. आम्ही चौघं मागच्या खिडकीतून शिरलो आणि ते आत येईपर्यंत पहिलं गाणं सुरू केलं होतं. तीनशे पोरं-पोरी नाचत होती. संचालक पट्टी उंच धरून गर्दीत घुसले आणि गर्दीतच अडकले. नाचणाऱ्यांच्या डोक्यांवर ती पट्टी तेवढी वरखाली होताना दिसत होती.

त्या गाण्याचंही ऐका, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. माझी आजी गावात कुणी गेलं की कोशोक गायची. कोशोक म्हणजे मेलेल्या माणसासाठी बायका तंबूत बसून तिथल्या तिथे रचतात ते गाणं. तिच्या शेजारी बसून बसून ती चाल माझ्या हाडात शिरली होती. एकदा शेवटची बस चुकल्यावर मी रस्त्यानं त्याच चालीवर काहीबाही गुणगुणत होते. जुमादिलनं ती चाल उचलली, चौपट वेगानं वाजवली आणि गाणं झालं:

बस गेली तर जाऊ दे,
पायी येईन, पायी येईन.
वाट फुटेल तिथून मी
पायी येईन, पायी येईन.

पोरं वेडी झाली. आजीनं मात्र खिडकीतून ऐकलं आणि महिनाभर माझ्याशी बोलली नाही. मेलेल्याच्या छातीवर नाचता, म्हणाली. मला वाईट वाटलं, पण गाणं मी सोडलं नाही.

बिंग फुटलं ते वसंतात. मला बघायला बालिकचीहून माणसं आली. आपानं मोठ्या तोऱ्यात पेटी उघडली, पडदा झटकून दोन्ही हातांनी उंच धरला आणि त्याच्या आठ तिकोनी भोकांतून तिला होणारी विहीण दिसली. पाहुणे चहा न संपवता उठले. आपानं लोकर बडवायची काठी घेतली.

"माझे दोन हिवाळे तू ढुंगणाला लावलेस!"

"पोटऱ्यांना, आपा."

हे बोलायला नको होतं. आठवडाभर मी पालथी झोपले. पण काठी ठेवताना आपानं विचारलं, "निदान शिवण तरी सरळ आलीय का?" मी विजार दाखवली. तिनं डावी कळी पाहिली, कपाळावर हात मारला आणि म्हणाली की मारण्यासारखी चूक ही आहे.

पुढे मी शिवणकाम करत राहिले, सत्ताविसाव्या वर्षी एका बस ड्रायव्हरशी पडद्याविना लग्न केलं, पुढे तोही वारला. यासिर बिश्केकला मुलाकडे गेला. जुमादिलनं ऊल्कानशी लग्न केलं. लोक अजून विचारतात, तुझं त्याच्यावर प्रेम होतं ना? होतं. पण नवरा म्हणून तो मला आठ दिवससुद्धा झेपला नसता, हे ऊल्कानला मी तोंडावर सांगितलंय आणि तिनं त्यावर मान डोलावलीय.

यंदा वसंतात मी त्याला दवाखान्यात बघायला गेले. नाकात नळी, हात अजून काळेच.

"कालिपा, मी गेलो की आपलं गाणं म्हणशील?"

"म्हणीन. कोशोक करून, संथ."

"संथ कशाला? मला काय झोपवायचंय? नाचाचं म्हण. आणि ती विजार घालून ये."

"अरे, ती आता माझ्या मांडीवरसुद्धा चढणार नाही."

"शिंपीण आहेस ना? कळी घाल." त्यानं माझा हात धरला. "वचन दे. नाहीतर हे लोक मला पोस्टातल्या पार्सलसारखं पाठवतील."

मी वचन दिलं.

ऑक्टोबरात ऊल्कानचा फोन आला. रडून झालेल्या आवाजात तिनं एवढंच सांगितलं, "गेला. उद्या दुपारी नेतील. आणि ऐक, एर्निसनं ठरवलंय, गाणं नाही, कोशोक नाही. मोल्दोकेंचं तसं सांगणं आहे. मी काय करू?"

"तू काही करू नकोस. मी येतेय."

मोल्दोके म्हणजे आमचे मुल्ला, आणि एर्निस जुमादिलचा थोरला मुलगा. गाड्यांचा व्यापार करतो, मशिदीला पैसे देतो, माणूस वाईट नाही. पण नव्वदीच्या भुकेच्या वर्षांत त्याचा बाप लग्नाच्या जेवणावळीत दारुड्यांसमोर गिटार वाजवून घरी पीठ आणायचा, आणि शाळेतली पोरं त्याला 'वाजंत्र्याचा' म्हणायची. ते त्याच्या मनातून गेलेलं नाही. ते पीठ मात्र त्यानं खाल्लं.

सकाळी उठून मी पेटीच्या तळातून विजार काढली, पडद्याचा उरलेला तुकडाही काढला. कमरेपाशी दोन्ही बाजू उसवल्या आणि दोन नव्या कळ्या घातल्या. या वयात कळी तिथेच लागते. लव या वेळी तीनदा तपासली.

अंगणात लोकरी तंबू उभा होता, कढईत कणकेचे बोर्सोक तळले जात होते. पुरुष तंबूच्या भिंतीशी रांगेत, काठ्यांवर वाकून उभे होते. तेवढी रीत मोल्दोकेंनी चालवून घेतली होती. रांगेच्या टोकाला गेन्का, सत्तरीचा, आमच्यासारखीच उंच पांढरी टोपी घातलेला. माझ्या पितळी चेनची खरखर ऐकून त्यानं मान वर केली. त्याचे डोळे माझ्या पायांवर गेले आणि तिथेच भरून आले.

एर्निस आडवा आला. "कालिपा एजे, हे काय घातलंय? आजच्या दिवशी?"

"तुझ्या जन्माआधीची आहे. तिच्याशी अदबीनं बोल."

"आत बसा, दुवा करा. पण गळा काढायचा नाही. मयताला त्रास होतो त्यानं."

"तुझ्या बापाला आयुष्यभर एकाच गोष्टीचा त्रास झाला, शांततेचा."

त्याचा आवाज खाली आला. "एजे, हात जोडतो. आयुष्यभर लोक हसले त्यांना. निदान आज तरी अब्रूनं जाऊ द्या."

त्याचंही चुकत नव्हतं, खोटं कशाला बोलू. पण वचन त्याला दिलेलं नव्हतं.

"बाळा," मी म्हटलं, "तुझ्या बापाची अब्रू छत्तीस सेंटिमीटर रुंद होती. तुला ती कधी मोजताच आली नाही."

आणि मी मयताचा पाय पुढे टाकून आत शिरले.

आत बायका भिंतीकडे तोंड करून, तोंडाला रुमाल लावून बसल्या होत्या. पडद्यामागे जुमादिल. ऊल्कान काळ्या कपड्यांत मधोमध. तिनं माझी विजार पाहिली, सरकून जागा केली आणि माझ्या कमरेला हात घातला. तिची बोटं नव्या कळीवर थांबली. "सरळ बसलीय," ती पुटपुटली.

मी कमरेवर हात ठेवले आणि आजी करायची तशी सुरुवात केली, संथ, खालच्या पट्टीत. पहिल्या ओळीला दोन-तीन बायकांनी दचकून पाहिलं. दुसऱ्या ओळीला पाठीमागे कुणीतरी हुंदका दिला. ती चाल त्यांच्याही आज्यांची होती. बाहेर मोल्दोके खाकरले. "बाई, पुरे." मी गात राहिले. एर्निसनं दारातून हाक मारली, "एजे!" मी आवाज चढवला. पण म्हातारा गळा तो. लय वाढवायची वेळ आली आणि श्वासच पुरेना. नाचाचं म्हणायचं वचन होतं आणि मला तर ते संथसुद्धा जड जात होतं. मला वाटलं, जमत नाही रे जुमादिल, बस खरंच गेली.

तेवढ्यात भिंतीपलीकडे काठी आपटली. एक, दोन. एक, दोन, तीन, चार.

गेन्का होता. एकोणपन्नास वर्षांनीही तो चौथा ठोका किंचित आधी मारत होता, त्यावरून जुमादिल त्याला आईवरून शिव्या द्यायचा. मला रडता रडता हसू फुटलं आणि श्वास मोकळा झाला. मी लय धरली. दुसरी काठी पडू लागली, मग तिसरी. त्या रांगेत काठ्यांवर वाकलेले सगळे शहात्तर साली नाचलेलेच तर होते! ऊल्कान गुडघ्यावर थाप देत होती. पायी येईन, पायी येईन. बायकांनी रुमाल तोंडावरून खाली घेतले.

दुसरं कडवं चालू असताना न्यायची वेळ झाली. चौघं आत आले, पडदा सरला, ताटी उचलली. आमच्यात मयताला थांबवत नाहीत, शक्य तितक्या लवकर नेतात. बायका दारापर्यंतच, पुढे आम्हांला जाता येत नाही. मी गातच मागोमाग दारात आले. मोल्दोकेंनी हातानं खूण केली, चला.

एर्निस पुढच्या दांड्याला होता. तो हलला नाही. मोल्दोकेंनी पुन्हा सांगितलं, "चला, उशीर नको." त्यानं मागे वळून पाहिलंही नाही. बापाचा भार खांद्यावर घेऊन तो तसाच उभा राहिला. काठ्या पडत होत्या, तो उभा होता, आणि बाकीच्या तिघांनाही मग थांबावंच लागलं.

गाणं तीन कडव्यांचं. तिसरं संपलं. तो अजून थांबलेला होता. तेव्हा मी चौथं तिथेच रचलं:

पुढे जा तू, जागा धर,
पायी येईन, पायी येईन.
लाल पाय पुढे टाकून मी
पायी येईन, पायी येईन.

मग एर्निसनं पाऊल उचललं.