हातगुण आणि पायगुण

"मेलं माझ्या मशीनवर आजही आडवंच!" नवी पुटपुटली. शेजारच्या ताईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

नवी म्हणजे कोणी पोर नव्हे. मुलं मोठी करून दहा वर्षांनी नोकरीत परतलेली बाई. ताई टेस्टर. वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरणाऱ्या.

पलीकडे बुवांच्या टेबलाशी गर्दी होती. बुवा हे टोपणनाव. हुद्दा सीनियर इंजिनिअर. सगळ्यांचा कोड जोडून चालता प्रोग्रॅम करायचा, म्हणजे बिल्ड काढायचा, तर महिनाभर तो फक्त बुवांच्याच लॅपटॉपवर निघत होता. बाकी नऊ मशीनवर नुसती लाल अक्षरं.

"मनात किंतु ठेवून बटण दाबू नये. यंत्राला माणूस कळतो," बुवांनी डोळे मिटून एंटर दाबलं. हिरवी ओळ उमटली.

"हातगुण लागतो बाबा!" गर्दीतून आवाज आला.

"आणि पायगुणही," कोणीतरी नवीकडे बघत पुस्ती जोडली. "ही आली आणि बिल्ड झोपला."

सगळे हसले. ताईंनी मान कीबोर्डात घातली. चार वाजता साहेब नवीला कायम करणार की घरी पाठवणार ते ठरणार होतं, आणि 'बिल्ड मोडते' हा शेरा तिच्या फाइलवर आधीच पडला होता.

साडेतीनला ताई उठल्या. "बुवा, एकदा मला दाबू द्या."

"तुम्हाला श्रद्धा नाही, ताई."

"म्हणूनच."

चारचौघांत नाही कसं म्हणणार? ताईंनी डोळे टक्क उघडे ठेवून एंटर दाबलं. हिरवी ओळ.

"अगंबाई, माझ्याही हाताला गुण आला!"

मग त्यांनी प्रत्येक मशीनला बिल्ड काढणाऱ्या टूलचं व्हर्जन विचारलं. नऊ जणांकडे व्हर्जन आठ, बुवांकडे सात. गेल्या महिन्याच्या तीन तारखेला सगळ्यांच्या मशीनवर आठ चढवलं होतं. नवी त्याच दिवशी रुजू झाली. आठ नंबरला आपला जुना कोड पचत नव्हता. बुवांच्या खासगी फोल्डरात मात्र एक लपलेली फाइल निघाली. आत एकच ओळ: सातच वापर. फाइलची तारीख, चार.

"म्हणजे दुसऱ्याच दिवशी कळलं होतं तुम्हाला," ताई म्हणाल्या.

"कोणी विचारलंच नाही," बुवा म्हणाले.

तीच ओळ ताईंनी सामायिक कॉन्फिगरेशनमध्ये, म्हणजे सगळ्या मशीन वाचतात त्या फाइलमध्ये टाकली. नवीने एंटर दाबलं. हिरवी ओळ. नऊच्या नऊ मशीनवर तेच.

"हाताला विचारू नका, पायाला विचारू नका," ताई म्हणाल्या. "आधी मशीनला व्हर्जन विचारा. फुकट सांगतं."

गलका ऐकून साहेब बाहेर आले. "चला, सुटलं एकदाचं. तांत्रिक बाब होती."

"आणि तिच्यावरचा शेरा?"

"तो वर गेलाय. आता कुणाला दोष देऊन काय उपयोग?"

सगळे आपापल्या स्क्रीनमध्ये शिरले. नवी ड्रॉवरमधून आपला डबा काढून पिशवीत भरत होती.

"दोष मला द्या," ताई म्हणाल्या. "व्हर्जन मी पहिल्याच आठवड्यात बघू शकले असते. बघितलं नाही. पायगुण हा शब्द इथे पहिल्यांदा मीच काढला, साहेब."