ब्रेकची कडी

मुकादमांनी त्या सकाळी दोनदा दाढी केली. पहिल्या खेपेला आरशात नीट दिसलं नाही म्हणून दुसऱ्यांदा केली, आणि तरी कानाखाली एक पट्टा राहिलाच. लेकीला तो दिसला, पण ती काही बोलली नाही. म्हातारा खुशीत होता. एवढ्यात कशाला त्याचं तोंड उतरवा, असं तिला वाटलं असावं. शिवाय तोंड उतरायचंच होतं, आणि ते कशाने, हे तिला ठाऊक होतं.

मुकादम हे त्यांचं नाव नव्हे, आणि हुद्दा तर नव्हेच. हमरस्त्यापासून आत, ओढ्यापर्यंत उतरत जाणारा एक मुरमाचा रस्ता होता आणि त्यावर मोजकी घरं. सरकारदरबारी तो रस्ता कुणाचाच नव्हता. ज्यांची घरं, त्यांनी तो राखायचा. आजवर राखला मात्र एकट्या मुकादमांनी. ट्रॅक्टरच्या मागे लोखंडी पातं लावायचं, खड्डे खरवडायचे, मुरूम पसरायचा, मध्ये उंचवटा आणि दोन्ही कडांना उतार ठेवायचा, की पाणी रस्त्यावर थांबत नाही. याचा मोबदला त्यांनी कधी मागितला नाही. मागितला तो मान, आणि तो मात्र कुणाला सोडला नाही. कुणी ओल्या रस्त्यावरून गाडी दामटली की ते ट्रॅक्टर आडवा घालत आणि चारचौघांत त्याची हजेरी घेत. एका शेजाऱ्याला तर त्यांनी घरी आलेल्या पाहुण्यांसमोर गाडीतून उतरवून, त्याच्याच चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या हातांनी बुजवायला लावल्या होत्या. तो शेजारी आता घरवाल्यांनी काढलेल्या रस्त्याच्या मंडळाचा खजिनदार होता.

मग मुकादमांच्या डोळ्यांपुढे धुकं आलं. याहून बरं आता होणार नाही, म्हणून डॉक्टरांनी हात टेकले. मुकादमांनी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. ती ट्रॅक्टरनेच सांगितली. ओढ्यावरच्या मोरीच्या कडेवरून तो सरळ पाण्यात गेला. मुकादम वाचले, ट्रॅक्टर भंगारात गेला, आणि पाठोपाठ रस्त्याचीही चाळण झाली. तेव्हा मंडळ जमलं आणि एक जुना ट्रॅक्टर घ्यायचं ठरलं.

"मुकादम, तुमच्याशिवाय ट्रॅक्टर पारखणार कोण?" खजिनदार म्हणाले.

मुकादमांनी तेवढंच ऐकलं आणि पुढचं स्वतःच जोडून घेतलं. पारखणार आपण, म्हणजे चालवणारही आपणच. ती सीट परत मिळणार. वर्षभर ते जमिनीवर पाय टेकून वावरत होते, आणि त्या उंचीवरून त्यांना जगण्यात काही राम वाटत नव्हता. बैठकीतल्या कुणीही त्यांचा गैरसमज दूर केला नाही. निघताना लेकीने फक्त त्यांचे खिसे चाचपले आणि दोन वायसर, एक खिळा आणि सुतळीचा तुकडा काढून खिडकीत ठेवला.

"काय हे बाबा! खिसे आहेत की भंगाराचं दुकान?"

"असू दे गं. वेळेला उपयोगी पडतं," म्हणत त्यांनी ते सगळं पुन्हा खिशात घातलं.

गाडी खजिनदारांची होती, ते मागे बसले होते, आणि ती जावई चालवत होता. हा जावई त्यांच्याच घरात राहायचा, आणि हे त्याला विसरू द्यायचं नाही, अशी जबाबदारी मुकादमांनी स्वतःहून पत्करली होती.

"जावईबापू, खड्डा चुकवा. गाडी सासऱ्याची नाही म्हणून काय झालं!"

जावई हसला. एरवी तो असल्या टोमण्यांनी धुमसायचा. आज नुसता हसला, ही गोष्ट मुकादमांच्या ध्यानात यायला हवी होती.

विकणारी बाई विधवा होती. अंगणाच्या टोकाला पत्र्याची शेड, आणि तिच्यात ताडपत्रीखाली ट्रॅक्टर. बाई नमस्कार करायला पुढे आली. मुकादम तिच्या बाजूने सरळ पुढे गेले आणि त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला. ही त्यांची रीत. गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन तापवून ठेवायचं ही विकणाऱ्यांची जुनी खोड असते. तापलेलं इंजिन कुणाचंही सुरू होतं. खरी परीक्षा गार इंजिनाची. हे गारढोण होतं. बाईने काही लबाडी केलेली नव्हती.

"लावा," मुकादम म्हणाले.

जावयाने किल्ली फिरवली. पहिल्याच फेऱ्यात इंजिनाने सूर धरला. भरदार, एकसारखा. मुकादमांना तो मनापासून आवडला. चेहरा मात्र त्यांनी कडू औषध प्यायल्यासारखा केला.

"दमेकरी आहे," ते म्हणाले.

"नाही हो भाऊ," बाई म्हणाली. "यांनी फार जपला होता."

"जपला? अंथरुणाला खिळले होते ना तुमचे मालक?"

"हो. दोन वर्षं."

"मग जपला कुणी? भुताने?"

जावई तोंड फिरवून हसला. खजिनदार खाकरले. बाई गप्प झाली, आणि ती गप्प झालेली पाहून मुकादमांना चेव चढला. कितीतरी दिवसांनी त्यांच्यासमोर कुणी मान खाली घातली होती. त्यांनी तेलाची पट्टी काढून नाकाशी धरली. तेल चांगलं होतं. "तुमचे मालक यात तेल घालत होते की नुसतेच आशीर्वाद?" त्यांनी मागचं पातं वर उचलून इंजिन बंद करायला लावलं. दम संपलेल्या ट्रॅक्टरचं पातं हळूहळू खाली बसतं, हे तसूभरही आलं नाही. "आज नाही बसलं, उद्या बसेल," ते म्हणाले. सीटवर जुन्या सदऱ्याच्या कापडाची एक उशी होती. ती त्यांनी चिमटीत धरून बाईपुढे केली. "ही चिंधी तेवढी ठेवून घ्या. रोग्याचा वास येतोय."

बाईने उशी घेतली आणि पोटाशी धरली. तिचे डोळे भरून आले. खजिनदारांनी हाच क्षण साधून पुन्हा किंमत विचारली आणि बाई आणखी खाली आली.

आता मुकादम चाकांपाशी वाकले. डोळ्यांवर त्यांचा भरवसा नव्हताच, ते बोटांनी बघत होते. उजव्या पायाच्या जागी ब्रेकचे दोन पेडल होते. ट्रॅक्टरला मागच्या चाकांचे ब्रेक वेगवेगळे असतात. शेतात झटकन वळायचं तर एकच दाबतात, पण रस्त्यावर दोन्ही ब्रेक एका कडीने जोडून ठेवायचे. कडी सुटली आणि उतारावर एकच ब्रेक दाबला गेला, तर एक चाक जागीच थांबतं, दुसरं पळतं, आणि ट्रॅक्टर गर्रकन फिरून कुशीवर पडतो. मुकादमांची बोटं त्या कडीवर आली आणि थांबली. कडी झिजून गुळगुळीत झाली होती, खाचेत बसतच नव्हती. मयत माणसाने ती तारेने करकचून बांधलेली होती.

"भाऊ," बाई मागून म्हणाली. "त्या ब्रेकचं तेवढं एक…"

"ब्रेक बघितलेत मी!" मुकादम ओरडले. "आता तुम्ही शिकवणार का मला? जा, चहाचं बघा."

बाई आत गेली. खजिनदार म्हणजे दार करकरलं म्हणून नवंकोरं कपाट परत पाठवणारा माणूस. ब्रेकमध्ये खोट आहे हे त्याच्या कानावर पडलं असतं, तर तो तसाच गाडीत जाऊन बसला असता. तेव्हा मुकादमांनी कुणाचं लक्ष नाहीसं बघून ती तार उलगडली आणि खिशात घातली. तार दिसली असती तर प्रश्न आले असते. आपण चालवत नेऊ, सावकाश, पाय दोन्हींवर ठेवून. घरी गेलं की नवीन कडी घडवून बसवू. कुणाला कळणारही नाही. बिनतारेची कडी वरवर अगदी जागेवर बसल्यासारखी दिसत होती.

"घ्या," ते उठत म्हणाले. "याहून बरा मिळायचा नाही."

व्यवहार झाला, कागद झाले. मुकादमांनी हात पुसले, एक पाय पायरीवर ठेवला आणि स्टिअरिंगला धरून अंग वर खेचू लागले.

"बाबा, उतरा," जावई म्हणाला.

"काय?"

"मी नेतो. तुम्ही गाडीत बसा."

"तुम्ही? अहो, तुम्हाला सायकल नीट लावता येत नाही भिंतीला!"

"मुकादम," खजिनदार पुढे आले. त्यांचा आवाज मऊ होता. त्यांनी हा आवाज बरेच दिवस जपून ठेवला असावा. "ठरलंय तसं. हा आता मंडळाचा ट्रॅक्टर. चालवणार जावई. तुम्हाला दिसत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तुमचं काम पारखायचं होतं. छान केलंत."

"कधी ठरलं?"

"झाले काही दिवस."

"माझ्या घरात कळलं नाही ते?"

"तुमच्या घरातच तर बैठक झाली. तुम्ही आत झोपला होतात," खजिनदार म्हणाले. "आणि सूचना तुमच्या लेकीनेच मांडली."

मुकादमांचा पाय अजून पायरीवर होता. खजिनदारांनी तो हाताने धरून खाली ठेवला. आणि हे सगळं दारातून, चहाचा ट्रे हातात धरून, बाई बघत होती. तिने मान फिरवली नाही.

जावयाचा ट्रॅक्टर पुढे, खजिनदारांची गाडी मागे, असे ते निघाले. गाडीत मुकादम खिशातली तार बोटाला गुंडाळत होते आणि सोडत होते. पुढे जावयाची पाठ एका धुरकट डागासारखी डुलत होती. सपाट रस्ता होता तोवर काही व्हायचं नव्हतं. ब्रेक लावायची वेळच येत नव्हती. पण शेवटी आपल्या रस्त्याचा उतार होता, आणि उताराच्या तळाशी मोरी. मुकादमांना ती मोरी दिसू लागली, अगदी लख्ख, जशी डोळे चांगले असताना दिसायची. जावईबापू, बसा आता. मांडी घालून बसा. सासऱ्याची सीट हवी होती ना? त्यांना हसू फुटलं.

"झालात ना मोकळे?" खजिनदार म्हणाले. "मी म्हणतच होतो, मुकादम मनाला लावून घेणार नाहीत."

उताराच्या वरच्या टोकाला रस्त्यावरची माणसं ट्रॅक्टर बघायला जमली होती. त्यांनी टाळ्या वाजवल्या. जावयाने ट्रॅक्टर थांबवला, पण बंद केला नाही. तेवढ्यात गर्दीतून पिवळं काहीतरी पुढे आलं, जावयाचा हात धरून वर चढलं आणि चाकावरच्या पत्र्यावर बसलं. लेकीने सकाळी पिवळं घातलं होतं.

मुकादम गाडी पुरती थांबायच्या आत उतरले, पडले, उठले आणि धावत जाऊन ट्रॅक्टरच्या तोंडासमोर दोन्ही हात पसरून उभे राहिले.

"बंद कर! खाली उतर पोरी! कडी! ब्रेकची कडी धरत नाही!"

जावयाने इंजिन बंद केलं आणि वाकून बघितलं. बोटाने कडी हलवली. ती अलगद निघून लोंबू लागली. त्याचा चेहरा उतरला.

"बसतच नाहीये," तो म्हणाला. "या उतारावर मेलो असतो आम्ही."

"तपासताना दिसलं नाही का, मुकादम?" खजिनदारांनी विचारलं.

"दिसलं," मुकादम धापा टाकत म्हणाले. "म्हणजे लागलं हाताला. मी लपवलं."

 लेक खाली उतरली आणि तिने बापाचा हात हातात घेतला.

"असू दे बाबा. सुटतं एखादं नजरेतून."

"सुटलं नाही! मी लपवलं म्हणतोय ना! तारेने बांधली होती, ती तार मी काढली. हा मेला असता, मी गाडीत बसून हसत होतो! विचार यांना!"

"हसत होते खरे," खजिनदार हळूच म्हणाले. "एकटेच."

"ही बघ तार!" मुकादमांनी खिशातून मूठ काढून लेकीपुढे उघडली. मुठीत तार होती, दोन वायसर होते, खिळा होता आणि सुतळीचा तुकडा होता.

लेकीने ते सगळं बघितलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "यांच्या खिशात असतंच हो हे," ती सगळ्यांना म्हणाली. "रोजच असतं."

"मी लपवलं!" मुकादम ओरडले. त्यांनी एकेकाचा चेहरा शोधला. सगळे धुरकट होते. "अरे, कुणीतरी शिव्या तरी द्या!"

"हो हो, लपवलंत," खजिनदार म्हणाले आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. मग जावयाकडे वळून, मुकादमांना पुरतं ऐकू जाईल अशा हलक्या आवाजात म्हणाले, "बरं झालं वेळेत ठरवलं आपण. डोळ्यांपुरतं राहिलेलं नाही हे."

जावयाने म्हाताऱ्याच्या मुठीतली तार घेतली, कडी जागेवर बसवली आणि बांधून टाकली. मग तो ट्रॅक्टर घेऊन उतार उतरला, पातं खाली टेकवून रस्ता खरवडत. मध्ये उंचवटा राहिला नाही, सगळा रस्ता ताटासारखा सपाट झाला. माणसं त्याला शाबास म्हणाली. मुकादमांना मागून चालत यायला आणि वर आलेले मोठे दगड बाजूला टाकायला सांगितलं होतं. "जमेल तेवढेच हं बाबा," लेक म्हणाली.

दुसऱ्या सकाळी ते घराबाहेर पडले. पायाखाली काहीतरी टोचलं. वाकून बघतात तो एक नट. त्यांनी तो पुसला आणि सवयीने खिशाकडे नेला. हात आत जाईना. दुसऱ्या बाजूने करून बघितलं, तिथेही जाईना. त्यांनी बोटांनी चाचपलं. दोन्ही खिशांची तोंडं शिवून टाकलेली होती, बारीक, जवळजवळ टाके घालून. शिवण फार सुबक होती.